दोलनदर्शकाचा रिकामा कप्पा



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांनी आम्हांला दारातच गाठले आणि विचारले, की हा कप्पा कसला, आणि तो जर रिकामा आहे तर त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी आम्ही आपणांस घरातल्याच एका वस्तूची आठवण करून देतो. ती वस्तू म्हणजे सोऱ्या. दिवाळीच्या आधी फडताळातून सोऱ्या निघतो. नळी तीच, दट्ट्या तोच. खाली चांदणीची चकती घातली की चकली पडते, बारीक भोकांची घातली की शेव, रुंद चिरेची घातली की पट्टीची शेव. पाच पदार्थांसाठी पाच यंत्रे घ्यावी लागत नाहीत. मात्र शेजारच्या काकूंच्या सोऱ्याची चकती आपल्या सोऱ्यात सहसा बसत नाही. एकीचा घेर दोरीइतका जास्त, दुसरीचा काठ जाड. म्हणजे चकती कशी आहे याच्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती जिथे बसावयाची त्या खाचेला आहे. ज्याने ती खाच ठरविली त्याने पुढच्या सगळ्या चकत्यांचे भवितव्य ठरविले.

ऑसिलोस्कोप, ज्याला मराठीत दोलनदर्शक म्हणतात, त्या यंत्राला विसाव्या शतकाच्या मध्यास अशीच एक खाच केली गेली. त्या खाचेचा, म्हणजे कप्प्याचा, इतिहास आम्ही आज सांगणार आहोत.

प्रथम यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. बागेत रबरी नळीने झाडांना पाणी घालताना आपण नळी हातात धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे वळलो आणि त्याच वेळी हात वरखाली हलविला, तर समोरच्या भिंतीवर पाण्याची एक नागमोडी रेघ उमटते. दोलनदर्शकात पाण्याच्या धारेऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो आणि भिंतीऐवजी काचेचा पडदा, ज्याच्या आतल्या अंगाला झोत पडताच उजळणारा लेप दिलेला असतो. झोताच्या मार्गात धातूच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी झोताला वरखाली ओढते, दुसरी आडवी. उभ्या जोडीला आपल्याला पाहावयाचा विद्युद्दाब जोडावयाचा आणि आडव्या जोडीला ठरलेल्या गतीने वाढत जाणारा दाब. मग पडद्यावर दाब कालानुसार कसा बदलला याचे चित्र उमटते. ही नळी कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली स्ट्रासबर्ग येथे तयार केली. त्यांना १९०९ साली मार्कोनी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले ते बिनतारी संदेशवहनाच्या कार्यासाठी. त्यांची नळी मात्र घराघरांत दूरचित्रवाणीच्या रूपाने पुढे कित्येक दशके नांदली.

पहिली कित्येक वर्षे हे यंत्र पाहण्याचे होते, मोजण्याचे नव्हते. पडद्यावर लाट दिसे, पण ती किती व्होल्टांची आणि किती काळाची हे सांगावयाचे तर अटकळ बांधावी लागे. शिवाय चित्र जागेवर स्थिर ठेवण्यासाठी सारखा खुंट्या पिळण्याचा खटाटोप असे. ही स्थिती पालटण्यात ज्या कंपनीचा वाटा मोठा, ती अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पोर्टलंड येथे १९४६ साली स्थापन झालेली टेक्ट्रॉनिक्स. हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक हे तिच्या संस्थापकांत प्रमुख. युद्धापूर्वी मर्डॉक यांचे पोर्टलंडमध्ये रेडिओचे दुकान होते आणि रीड कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकून बाहेर पडलेले व्हॉलम त्यांच्याकडे रेडिओ दुरुस्त करीत. युद्धकाळात व्हॉलम यांना सैन्याच्या संदेशवहन दलातून इंग्लंडात रडारच्या कामावर पाठविण्यात आले. ही माणसे दुरुस्तीच्या मेजावरून आलेली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे. पुढच्या कथेत ती वारंवार जाणवेल.

त्यांचा पहिला दोलनदर्शक, क्रमांक ५११, १९४७ साली बाजारात आला. किंमत ७९५ डॉलर. सेकंदास सुमारे एक कोटी आवर्तनांपर्यंतच्या लाटा तो दाखवी. यात दोन गोष्टी नव्या मोलाच्या होत्या. एक, आडवी रेघ लाट येऊन धडकल्यावरच सुरू होई, त्यामुळे चित्र आपोआप स्थिर राही. दुसरी, खुंट्यांवर काळाची व दाबाची मापे कोरलेली असत आणि त्या मापांवर विसंबता येई. पाहण्याच्या यंत्राचे मोजण्याचे यंत्र झाले ते येथे.

आता अडचण आली ती यशातून. दोलनदर्शक मोजतो म्हटल्यावर ज्याला त्याला तो हवासा झाला. शरीरशास्त्रज्ञाला मज्जातंतूतील दाब पाहावयाचा असे. तो इतका सूक्ष्म, की व्होल्टाचे दहा लाख भाग करून त्यातले काही भाग मोजावे लागत. रडारवाल्याला दाब भरपूर मिळे, पण लाट विजेच्या वेगाने येऊन जाई. पुलाच्या तुळईवर किती ताण पडतो हे पाहणाऱ्या स्थापत्यविशारदाची गरज आणखी वेगळी. सूक्ष्मता आणि चपळाई या दोन गुणांचे एका विवर्धकात जमत नाही. सूक्ष्मता वाढवावी तर चपळाई घटते. तेव्हा प्रत्येकासाठी वेगळे यंत्र करावे, तर चित्रनळी, तिचा उच्च दाबाचा पुरवठा, काळाची रेघ काढणारी मंडले, लोखंडी सांगाडा आणि पंखा हे सगळे पुन्हा पुन्हा करावे लागणार, आणि गिऱ्हाइकाला तेच पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागणार.

यावर टेक्ट्रॉनिक्सने १९५४ च्या सुमारास ५३० आणि ५४० मालिकांत जो तोडगा काढला, तोच आमचा आजचा कप्पा. यंत्राच्या दर्शनी बाजूस, पडद्याच्या खालच्या अंगाला, एक चौकोनी पोकळी ठेवली. तिच्यात विवर्धकाचे स्वतंत्र खोके सरकवावयाचे. त्याला प्लग-इन म्हणत. खोके आत गेले की त्याच्या पाठीवरचा सोळा टोकांचा जोड यंत्रातल्या जोडात बसे. पुढचा एक स्क्रू पिळला की काम झाले. दुसऱ्या प्रकारचे मोजमाप हवे, तर यंत्र बंद करून खोके बाहेर ओढावयाचे आणि दुसरे सरकवावयाचे.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण यंत्र कोठे कापावे हा प्रश्न सोपा नाही, आणि आमच्या मते या विषयातली खरी गंमत येथेच आहे. शिंपी कापड कापतो तेव्हा शिवण कोठे येणार, ताण कोठे पडणार, हे त्याच्या डोळ्यांपुढे असते. तसेच येथे. जे कापाच्या अलीकडे ठेवाल ते प्रत्येक खोक्यात पुन्हा द्यावे लागणार. जे पलीकडे ठेवाल ते कायमचे यंत्राचे होऊन बसणार आणि त्याची मर्यादा ती पुढच्या सगळ्या खोक्यांची मर्यादा ठरणार.

५४५ या नावाजलेल्या यंत्रात पलीकडे काय ठेवले ते पाहा. चित्रनळी आणि तिचा दहा हजार व्होल्टांचा पुरवठा पलीकडे. काळरेघेची मंडले पलीकडे. शेवटचा मोठा विवर्धक पलीकडे. आणि त्याच्याबरोबर विलंबरेषा नावाचा एक विलक्षण भागही पलीकडे. लाट आली हे कळल्यावर रेघ सुरू होते, पण तोवर लाटेचे तोंड निघून गेलेले असते. म्हणून लाटेला वाटेत अडवून सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागाइतकी उशिराने पुढे सोडतात. एवढ्या वेळात प्रकाश साठ मीटर जातो, म्हणजे उशीर अगदीच काही थोडा नव्हे. ही विलंबरेषा लहान लहान वेटोळ्यांची आणि फिरवून जुळवावयाच्या धारित्रांची एक लांबलचक माळ असे. ती जुळविणे म्हणजे सतारीच्या तरफा लावण्यासारखे, संयमाचे काम. अशी वस्तू प्रत्येक खोक्यात घालणे परवडले नसते. ती यंत्रात ठेवली हे शहाणपणाचे झाले.

आता त्या सोळा टोकांतून काय जाई? यंत्राकडून खोक्याला वीज जाई. उणे १५० व्होल्ट, अधिक १००, २२५ आणि ३५०, सगळे दाब स्थिर राखलेले. शिवाय नळ्यांच्या तारा तापविण्याची वीज वेगळी. खोक्याकडून यंत्राला लाट जाई ती दोन तारांवरून. दोन्ही तारा जमिनीपासून सुमारे ६७ व्होल्ट उंचीवर राहत आणि त्यांच्यातल्या फरकाला तेवढा अर्थ असे. फरक एक दशांश व्होल्ट झाला की पडद्यावरचा ठिपका एक सेंटिमीटर सरके. डोंगरमाथ्यावर दोघे उभे आहेत; त्यांच्यात उंच कोण हे ठरविताना डोंगराची उंची कोणी मोजत नाही, तसे हे.

आणि यंत्राकडून खोक्याला एक निरोपही जाई. ‘सीए’ नावाच्या खोक्यात दोन लाटा एकाच पडद्यावर दाखविण्याची सोय होती, पण झोत तर एकच. मग पहिल्या खेपेस एक लाट, दुसऱ्या खेपेस दुसरी, अशी आलटून पालटून काढावयाची. त्यासाठी रेघ संपली हे खोक्याला कळले पाहिजे. म्हणून रेघ संपताच यंत्र त्याच जोडातून खोक्याला एक टिचकी मारी. लाटा संथ असतील तर रेघ संपेपर्यंत न थांबता खोके एका सेकंदात हजारो वेळा या लाटेवरून त्या लाटेवर उडी घेई, आणि उडीच्या क्षणी यंत्र झोत मंद करी, म्हणजे उडीचा डाग पडद्यावर दिसू नये. जोड आखणाऱ्यांनी नुसती वीज आणि लाट यांचाच विचार करून दोन-चार टोके वाचविली असती, तर हे पुढे जमले नसते.

खोक्यांना रोमन अक्षरांची नावे होती. ‘के’ चपळ लाटांसाठी. त्याच्याबरोबर ५४५ सेकंदास तीन कोटी आवर्तने दाखवी. ‘डी’ आणि ‘ई’ सूक्ष्म दाबांसाठी. त्यांतले ‘ई’ व्होल्टाच्या दहा लाख भागांपैकी ५० भागांना पडद्यावर एक सेंटिमीटर उंच करी, म्हणून ते मज्जातंतूवाल्यांचे लाडके. ‘क्यू’ ताण मोजणाऱ्या पट्ट्यांसाठी, म्हणजे आमच्या पुलाच्या तुळईसाठी. ‘एम’ चार लाटा एकत्र दाखविण्यासाठी. ‘आर’ ट्रान्झिस्टरांच्या परीक्षेसाठी, ‘एस’ डायोडांच्या. ‘ओ’ मध्ये गणिती क्रिया करणारे विवर्धक होते. दाबांची बेरीज किंवा समाकलन करून पडद्यावर उत्तर दाखवावयाचे. ‘एन’ अतिचपळ लाटांचे नमुने गोळा करून चित्र जुळवी. एकाच सांगाड्याने सकाळी वैद्यकाच्या प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी स्थापत्याच्या कार्यशाळेत काम करावे, अशी ही योजना. आता तो सांगाडा सुमारे तीस किलो वजनाचा आणि पाचशे वॅटच्या आसपास वीज खाणारा असल्यामुळे तो सकाळ-संध्याकाळ हिंडत नसे, हे खरे. त्यासाठी चाकांची गाडी मिळे आणि राखीव खोके ठेवण्याची जागा त्या गाडीतच असे. ही जागा आपण लक्षात ठेवा. तिचा उल्लेख पुढे यावयाचा आहे.

एका खोक्याविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून आम्हांला राहवत नाही. ते म्हणजे ‘पी’. ‘पी’ बाहेरची कोणतीच लाट दाखवीत नसे. त्याच्या आत पाऱ्याचा एक स्विच होता. तो मिटला की अत्यंत सरळ उभी पायरी निर्माण होई आणि ती यंत्राच्या मोठ्या विवर्धकाला दिली जाई. पडद्यावर पायरी सरळ दिसली तर यंत्र ठीक. कोपरा गोल झाला किंवा शिंग फुटले, तर विलंबरेषेचे खुंटे जुळवावयाचे. हे खोके म्हणजे बाजार समितीतले प्रमाण वजन. कारण विचार करा: एका यंत्रात जुळविलेले खोके दुसऱ्या यंत्रात घातल्यावर तेच उत्तर यावयाचे असेल, तर सगळी यंत्रे एकसारखी वागली पाहिजेत. कप्प्याचे माप जुळणे म्हणजे निम्मे काम. वागणूक जुळविणे हे उरलेले निम्मे, आणि ते कठीण. ज्या कारखान्याने त्यासाठी खास खोके काढून विकले, त्याला आपण काय वचन देऊन बसलो आहोत हे नीट कळले होते.

ते वचन बरीच वर्षे पाळले गेले. १९५० च्या दशकाच्या मध्यास घेतलेले ‘के’ खोके १९६४ साली निघालेल्या ५४७ या यंत्रात सरकविले तरी ते बसे आणि चाले. ५४७ पाच कोटी आवर्तनांपर्यंत पोचे. जुने खोके तेवढे धावत नसे, आपल्या चालीने चाले. अधिक चपळ अशा ५८० मालिकेसाठी कप्पा बदलावा लागला, तेव्हा कंपनीने ‘८१’ नावाचा जोडतुकडा काढला, म्हणजे जुनी अक्षरी खोकी नव्या कप्प्यात बसावीत. खोके यंत्राशिवाय नुसतेच विवर्धक म्हणून वापरावयाचे झाले, तर त्याला वीज पुरविणारी कप्पेवाली पेटीही वेगळी मिळे.

या यंत्रांचे पोट उघडून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. आतली मंडले चिनीमातीच्या दातेरी पट्ट्यांवर डाख देऊन जुळविलेली असतात. त्या पट्ट्यांना साधा डाख चालत नाही, चांदीचा अंश असलेला लागतो. तो दुरुस्ती करणाऱ्याला गावात मिळेल न मिळेल, म्हणून त्याची एक छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून देत. बरोबरच्या पुस्तकात प्रत्येक मंडलाचा नकाशा, प्रत्येक भागाची यादी आणि ते कसे चालते याचे विवेचन असे. रेडिओच्या दुकानातून आलेली माणसे ती हीच. कारखान्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या अपरिचित माणसाने आपले यंत्र उघडावे, असे ज्यांना वाटत होते त्यांनी ते तसे बांधले.

१९६० च्या दशकात याच कंपनीने ५६० मालिकेत वेगळा काप घेऊन पाहिला. तेथे एकाऐवजी दोन कप्पे, डावा उभ्या दिशेसाठी आणि उजवा आडव्या दिशेसाठी, आणि काप अगदी शेवटी, चित्रनळीच्या तोंडाशी. खोक्यांनीच थेट पट्ट्या हलवावयाच्या. यंत्रात उरली ती चित्रनळी आणि वीजपुरवठा. यामुळे सांगाडा स्वस्त झाला आणि एक सुरेख गोष्ट साधली: दोन्ही कप्पे सारखेच असल्यामुळे उजव्या कप्प्यातही विवर्धक घालता येई. मग काळाची रेघ नाहीशी होऊन एका दाबासमोर दुसरा दाब, अशी आकृती उमटे. महाविद्यालयात लिसाजूच्या आकृत्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. या मालिकेतील ५६४ चे चित्र तर नळीतच साठून राही. वीज एकदा चमकून गेली तरी तिची रेघ मागे राहावी तसे. पण किंमतही द्यावी लागली. प्रत्येक नळीचा स्वभाव थोडा निराळा. खोके एका यंत्रातून दुसऱ्यात नेले की दर्शनी बाजूचा एक स्क्रू फिरवून माप पुन्हा जुळवावे लागे. शिवाय शेवटचा विवर्धक प्रत्येक खोक्यात पुन्हा द्यावा लागे. काप कोठेही घ्या, काहीतरी दोनदा करावेच लागते. एवढेच, की काय दोनदा करावयाचे ते आपण निवडतो.

तिसरा काप १९६९ साली आला, ७००० मालिकेत, आणि आमच्या मते या कलेचा कळस तेथे झाला. पहिली दोन यंत्रे ७५०४ आणि ७७०४. त्यांत चार कप्पे, डावीकडचे दोन उभ्या दिशेचे, उजवीकडचे दोन आडव्या दिशेचे, आणि कोणतेही खोके कोणत्याही कप्प्यात बसे. आता नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले होते, म्हणून पुरवठ्याचे दाब उतरले: अधिक-उणे ५०, अधिक-उणे १५ आणि ५ व्होल्ट. खोक्याने यंत्राला द्यावयाची लाटही ठरलेली. पडद्यावरच्या प्रत्येक चौकोनाला व्होल्टाचे ५० सहस्रांश. पाठीमागचा जोड ७६ पट्ट्यांचा झाला. त्यातून लाट, वीज आणि निरोप तर जातच, पण अक्षरेही जात.

ही अक्षरांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तोवर पडद्याचे छायाचित्र काढले की खुंट्या कोणत्या मापावर होत्या हे वेगळे लिहून ठेवावे लागे. कागद हरवला की छायाचित्र निरुपयोगी. म्हणून पडद्यावर लाटेबरोबर तिचे मापही लिहून यावे असे ठरले. पण १९६० च्या दशकात प्रत्येक खोक्यात संगणक घालणे शक्य नव्हते. बॅरी गिल्बर्ट या अभियंत्याने यावर काढलेली युक्ती अशी. यंत्र प्रत्येक खोक्याला एकामागून एक दहा वेळा विचारते: सांग, पहिले अक्षर कोणते, दुसरे कोणते? खोके प्रत्येक प्रश्नाला दोन बारीक प्रवाहांनी उत्तर देते. एक प्रवाह ओळ सांगतो, दुसरा स्तंभ, आणि प्रवाहाची प्रत्येक पायरी मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाची. शाळेत पाढ्यांचा तक्ता पाहताना ओळ आणि रकाना जेथे मिळतात तेथे बोट ठेवतात, तसे यंत्र त्या जागेचे अक्षर उचलते आणि पडद्यावर काढते. खोक्यात त्यासाठी लागे काय? खुंटीबरोबर फिरणारा स्विच आणि थोडे रोधक. दहापट घट करणारी तार जोडली, तर तिच्या टोकाचे कडे खोक्याला टेकून तेही कळवी आणि पडद्यावरचा आकडा आपोआप दुरुस्त होई. आमच्या मते ही त्या काळची फार सुंदर कल्पना होती. जोडात बोली जाणारी भाषा इतकी साधी होती, की एखाद्या हौशी माणसाने स्वतः खोके बांधले तर त्यालाही चार रोधकांत ती बोलता येई, आणि अशी घरची खोकी लोकांनी बांधलीही.

या कप्प्यांत पुढे काय काय बसले! अंकांत व्होल्ट दाखविणारा मापक, वर्णपट दाखविणारे खोके, ट्रान्झिस्टरांचे वक्र काढणारे खोके, अंकीय मंडलांतली एक-शून्ये मांडणारे खोके. १९६९ साली कप्पा आखणाऱ्यांपुढे यांतील सगळी असणे शक्य नव्हते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्याच कप्प्यांचे ७१०४ हे यंत्र सेकंदास शंभर कोटी आवर्तनांपर्यंत पोचले.

मग हे संपले का? १९९० च्या सुमारास ७००० मालिकेची निर्मिती थांबली. कारणे अनेक. जोड महाग, प्रत्येक खोक्याला वेगळी पेटी, वेगळे तोंड, वेगळ्या खुंट्या. अतिचपळ लाटांना तो जोड हाच अडथळा; गुळगुळीत रस्त्यावर गतिरोधक असावा तसा. शिवाय संगणक दुरुस्त करणाऱ्याला हातात नेता येईल असे यंत्र हवे होते. १९६५ च्या ४५३ ने ती गरज भागविली, पण त्याला कप्पा नव्हता. लोकांनी वजन कमी करून घेतले आणि कप्पा सोडून दिला. पुढे लाटेचे आकडे करून स्मृतीत साठविणारी यंत्रे आली आणि पूर्वी ज्याला खोके लागे, ते आकडेमोडीने होऊ लागले. कप्पा पुरता गेला असेही नाही. नमुने घेऊन अतिचपळ लाटा दाखविणाऱ्या यंत्रांत तो पुढेही राहिला.

पण एका गोष्टीकडे आम्हांला आपले लक्ष वेधावयाचे आहे. आजच्या अनेक दोलनदर्शकांत अधिक चपळाई हवी असेल तर कारखान्याकडून एक किल्ली विकत घ्यावयाची असते. किल्ली म्हणजे काही आकडे आणि अक्षरे. यंत्रात काहीच नवे घालावे लागत नाही. क्षमता आतच असते, कुलपात. सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खोके बोटीने यावयाची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. तथापि जुन्या कप्प्याचे दार आपल्या बाजूने उघडे होते आणि या कुलपाची किल्ली त्यांच्या बाजूस आहे, हा फरक लहान नाही. आपल्या देशात २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा चर्चा झाली ती फोन, मोटारी आणि शेतीच्या अवजारांची. मोजमापाच्या यंत्रांचाही विचार तितक्याच अगत्याने व्हावयास हवा. ज्या महाविद्यालयाला नवे यंत्र दहा वर्षांत एकदा मिळते, त्याच्या दृष्टीने यंत्र उघडता येणे ही चैन नव्हे.

आता शेवटचा भाग, आणि तो आपल्या गावाशी संबंधित आहे. जुनी यंत्रे अजून प्रयोगशाळांच्या माळ्यांवर आहेत. एका संस्थेत आम्ही जे पाहिले ते सांगतो. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही, कारण असे कोठेही घडू शकते. जडसंग्रह नोंदवहीत यंत्राच्या सांगाड्याला एक क्रमांक होता आणि त्याच्या तीन खोक्यांना तीन वेगळे. निर्लेखनाची वेळ आली तेव्हा सांगाडा ‘नादुरुस्त दोलनदर्शक’ म्हणून यादीत गेला आणि वजनावर भंगारात विकला गेला. भंगारवाल्याला त्यातल्या रोहित्राचे तांबे तेवढे हवे होते. खोकी ‘विवर्धक, वापर माहीत नाही’ या शेऱ्यासह कपाटात राहिली. सांगाड्याशिवाय खोक्याला वीज नाही आणि खोक्याशिवाय सांगाड्याला लाट नाही. यंत्र नादुरुस्त होते की नुसता त्याचा कप्पा रिकामा होता, हे तपासून पाहावयाचे कोणाला सुचले नाही. रिकाम्या कप्प्याचे यंत्र लावले तर पडद्यावर लाट दिसत नाही, हे तर साहजिकच आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात असे एखादे सुटे खोके रेडिओचा डबा म्हणून मांडलेले पाहिले की आम्ही ते उलटून पाठीमागचा जोड बघतो. सोळा टोकांचा असेल तर ते अक्षरी मालिकेचे. चोवीस टोकांचा असेल तर ५६० चे. पट्ट्यांचा असेल तर ७००० चे, किंवा तिच्या सारख्या दिसणाऱ्या पण आत न बसणाऱ्या स्वस्त ५००० मालिकेचे. ओरेगॉनमध्ये या कंपनीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी जुन्या यंत्रांचे संग्रहालय चालविले आहे आणि जुनी माहितीपुस्तके आज संगणकावर सहज मिळतात, तेव्हा नकाशाअभावी आता कोणाचे अडण्याचे कारण नाही.

श्रोत्यांत शिक्षक, प्रयोगशाळा-सहायक आणि संस्थांचे चिटणीस पुष्कळ दिसतात. त्यांना एवढेच सांगावयाचे आहे, की यंदाच्या निर्लेखनाच्या यादीत दोलनदर्शक असेल तर सही करण्यापूर्वी त्याच्या खालची गाडी पाहा, तिच्यातली खोकी पाहा आणि नोंदवहीत त्यांचे क्रमांक एकमेकांसमोर लिहून ठेवा. खोके सरकविताना किंवा काढताना यंत्र बंद असू द्या. आणि वरचे पत्रे काढून आत हात घालावयाचा मोह होईल त्यांनी थोडे थांबावे: वीज तोडल्यानंतरही त्या यंत्रातली धारित्रे काही काळ भरलेली असतात आणि चित्रनळीचा पुरवठा, मघाशी सांगितल्याप्रमाणे, दहा हजार व्होल्टांचा आहे.